प्रार्थना, गायन आणि उपदेश : ख्रिस्ती उपासनेत कोण कोणाशी बोलते?

मुंबईत एखाद्या ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला, शेजाऱ्याच्या अंत्यविधीला किंवा नाताळच्या उपासनेला गेलेल्या मराठी माणसाला चर्चमधल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतात. देवाचे नाव घेतले जाते, गीते म्हटली जातात, ग्रंथ वाचला जातो आणि कोणीतरी उभे राहून बोलते. मात्र तास-दीड तासाच्या त्या अवधीत लोक मध्येच का उठतात, मध्येच का बसतात, कधी डोळे मिटून ‘आमेन’ का म्हणतात आणि कधी नुसते ऐकत का राहतात, हे बाहेरून आलेल्याला सहसा उलगडत नाही. पाच मिनिटांपूर्वी जे पाळकसाहेब प्रार्थना करीत होते तेच आता उपदेश करीत असतात. आवाज तोच असतो आणि देव, पाप, क्षमा, कृपा हे शब्दही तेच असतात. त्यामुळे चर्चमध्ये चालते ते सगळे एकाच प्रकारचे धार्मिक बोलणे आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

हा समज दूर करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारणे : आता कोण बोलत आहे आणि कोणाला उद्देशून? प्रार्थनेत मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेला ख्रिस्ती समुदाय, देवाशी बोलते. उपदेशात पवित्र शास्त्रातील वचन एका माणसाच्या तोंडून मंडळीशी बोलते. गायनात या दोन्ही दिशा असतात आणि शिवाय मंडळी स्वतःशी, म्हणजे एकमेकांशीही बोलते. या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे बाकीच्यांनी त्या वेळी काय करायचे असते. माझ्या मते ख्रिस्ती उपासना समजून घेण्यासाठी हे दोन प्रश्न पुरेसे आहेत आणि उपासनेत जे बिघडते तेही बहुतेक वेळा यांचा विसर पडल्यामुळेच बिघडते.

हे तीन प्रकार फार जुने आहेत. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचे वर्णन आहे. ते लोक प्रेषितांच्या (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांच्या) शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत, असे तिथे म्हटले आहे. पुढे इ. स. १५५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या सभेचा क्रम दिला आहे. वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, मग सभेचा प्रमुख त्यावर बोलून लोकांना बोध करी, मग सर्वजण उभे राहून प्रार्थना करीत आणि त्यानंतर भाकर व द्राक्षारस आणला जाई. गायनाचा पुरावाही त्याच काळातला आहे. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजन याला कळवले होते की, हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने म्हणतात. म्हणजे मुंबईच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी सकाळी जे घडते, त्याचा सांगाडा जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच उभा होता.

प्रार्थना : एकाचा आवाज, सर्वांचे बोलणे

खासगी प्रार्थना आणि उपासनेतील प्रार्थना यांत मोठा फरक आहे. घरी, लोकलमध्ये किंवा रुग्णालयाच्या बाकावर बसून केलेली प्रार्थना एका माणसाची असते आणि तिला कोणताही नियम नसतो. उपासनेतील प्रार्थना मात्र एकाने उच्चारली तरी सर्वांची असते. येशूने शिष्यांना शिकवलेली आणि सर्व पंथांत म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना याचा उत्तम नमुना आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असा तिचा आरंभ आहे आणि भाकर मागताना, क्षमा मागताना, मोहापासून सुटका मागताना तिच्यात सगळीकडे ‘आम्हांला’ आहे. ‘मला’ कुठेच नाही. ती एकट्याने म्हटली तरी म्हणणारा सर्वांसाठी बोलत असतो.

म्हणूनच उपासनेत प्रार्थना चालवणारी व्यक्ती स्वतःच्या मनातले सगळे देवाला सांगण्यासाठी उभी नसते. तिने असे बोलायचे असते की समोर बसलेला गिरणीतून निवृत्त झालेला वृद्ध, परीक्षेच्या चिंतेत असलेली मुलगी आणि नुकतेच वैधव्य आलेली बाई, या सर्वांना शेवटी मनापासून ‘आमेन’ म्हणता आले पाहिजे. आमेन ही मंडळीची सही आहे. ती झाली नाही तर प्रार्थना एका माणसाचे भाषण होऊन राहते. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौलाने नेमका हाच मुद्दा मांडला आहे : तू काय बोलतोस हे ज्याला समजत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणेल? कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि त्यानंतर कॅथलिक मिस्सा (भाकर व द्राक्षारस यांची मुख्य उपासना) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषांत होऊ लागली. गोराई-मनोरीच्या कोळी कुटुंबांना स्वतःच्या भाषेत मिस्सेला उत्तर देता येऊ लागले ते यामुळे. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी उपासनेचा आग्रह धरला, त्यामागेही हाच विचार होता.

प्रार्थनेचे अंतर्गत प्रकार अनेक आहेत. देवाची स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, स्वतःच्या गरजांसाठी याचना आणि इतरांसाठी केलेली मध्यस्थीची प्रार्थना हे त्यांतील मुख्य होत. ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना साधारणपणे पित्याला उद्देशून, पुत्राद्वारे आणि पवित्र आत्म्याच्या साहाय्याने केली जाते. ‘येशूच्या नावाने’ हे शेवटचे शब्द हा त्याचाच संक्षेप आहे. काही पंथांत प्रार्थना पुस्तकातून वाचली जाते, काहींत ती त्या क्षणी सुचेल तशी केली जाते. लिहिलेली प्रार्थना निर्जीव आणि उत्स्फूर्त प्रार्थना जिवंत, असे अनेकांना वाटते. अनुभव तसा नाही. दर रविवारी उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्या माणसाचीही ठरलेली वाक्ये तयार होतात, आणि शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेल्या लिखित प्रार्थनेत दुःखी माणसाला आपले शब्द सापडतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी होणाऱ्या नोव्हेना या प्रार्थनाविधीला सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. तिथे प्रार्थना ठरलेल्या आहेत. पण लोक आपापल्या विनंत्या आणि आभार लिहून देतात, आणि त्या ठरलेल्या शब्दांमधून प्रत्येकाचे वेगळे गाऱ्हाणे देवापुढे जाते.

प्रार्थनेतील सर्वांत मोठा दोष म्हणजे तिच्या आडून उपदेश करणे. ‘हे प्रभो, तुला ठाऊक आहे की आमच्यातले काही जण उपासनेला उशिरा येतात’ अशा वाक्यात संबोधन देवाला असले तरी बोलणे मागच्या बाकावर बसलेल्यांशी चाललेले असते. देवाला माहिती पुरवण्याची गरज नाही आणि प्रार्थनेत मिटलेल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसाला उत्तरही देता येत नाही. लोकांना काही सांगायचे असेल तर ते लोकांकडे पाहून सांगावे, हेच प्रामाणिक आहे.

प्राचीन मंडळीने या अडचणीवर फार विचारपूर्वक उपाय काढला होता. तो कॅथलिक चर्चच्या शुभ शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) विधीत आजही पाहायला मिळतो. त्या दिवशी मिस्सा होत नाही. येशूच्या दुःखसहनाचे वाचन झाल्यावर दहा विशेष प्रार्थना केल्या जातात. त्यांत पवित्र मंडळीसाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि संकटात असलेल्यांसाठी प्रार्थना असते. प्रत्येक प्रार्थनेचे तीन भाग असतात. आधी लोकांकडे वळून आवाहन केले जाते की आपण अमुक लोकांसाठी, अमुक कारणासाठी प्रार्थना करू या. मग सर्वजण काही क्षण शांत राहून मनात प्रार्थना करतात. त्यानंतर धर्मगुरू देवाला उद्देशून सर्वांच्या वतीने प्रार्थना म्हणतात आणि लोक आमेन म्हणतात. लोकांना सांगायचे ते आवाहनात सांगून झालेले असते, त्यामुळे देवाशी बोलताना दुसऱ्या कोणाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. कोणत्याही पंथातील ज्याला प्रार्थना चालवायची असेल, त्याने हा विधी एकदा तरी लक्षपूर्वक ऐकावा.

शरीराच्या ठेवणीबद्दल थोडेसे. गुडघे टेकणे ही प्रार्थनेची एकमेव खरी मुद्रा मानली जाते, पण इ. स. ३२५ मध्ये झालेल्या नायसिया परिषदेच्या विसाव्या नियमात रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून (ईस्टरपासून) पन्नासाव्या दिवसापर्यंतच्या काळात उभे राहूनच प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या दिवशी उठून उभे राहावे, हा त्यामागचा भाव आहे.

गायन : सर्वांनी एकाच वेळी बोलायचे ठिकाण

दहा माणसे एकाच वेळी बोलू लागली तर गोंगाट होतो, पण दहा माणसे एकाच वेळी गाऊ लागली तर एक वाक्य तयार होते. उपासनेतील गायनाचे पहिले महत्त्व इतके साधे आहे. चाल आणि ताल यांमुळे सर्वांचे शब्द एका क्षणी उच्चारले जातात, सर्वांचा श्वास एका ठिकाणी तुटतो आणि जो एरवी चारचौघांत बोलायला बिचकतो त्यालाही आपला विश्वास मोठ्याने सांगता येतो. प्रार्थनेत मंडळी आमेन म्हणून संमती देते, उपदेशात ती ऐकते. गीतात मात्र प्रत्येक ओळ तिची स्वतःची असते.

ही ओळ कोणाला उद्देशून असते, हे पाहू लागलो की गायनाची खरी श्रीमंती कळते. जुन्या करारातील स्तोत्रसंहिता हे दीडशे स्तोत्रांचे पुस्तक यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांचे गीतपुस्तकही आहे आणि प्रार्थनापुस्तकही. त्यातील तेविसावे स्तोत्र बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या पहिल्या ओळीत गाणारा देवाविषयी इतरांना सांगत आहे. तो मला हिरव्या कुरणांत नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो, असे म्हणत स्तोत्र पुढे जाते. मग मृत्यूच्या छायेच्या दरीचा उल्लेख येतो आणि त्याच क्षणी ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो : ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ संकट दूर असताना देवाविषयी बोलणारा माणूस संकटात शिरताच देवाशी बोलू लागतो. शेवटी ‘परमेश्वराच्या घरात’ राहण्याच्या आशेकडे येताना तो पुन्हा सर्वांना सांगण्याच्या सुरात परततो. सहा वचनांच्या या एका गीतात साक्ष आहे आणि प्रार्थनाही आहे. एकशे तिसऱ्या स्तोत्रात गाणारा स्वतःच्या जिवालाच देवाचे उपकार विसरू नकोस म्हणून बजावतो. पंचाण्णवाव्या स्तोत्राच्या आरंभी लोक एकमेकांना देवाची स्तुती करायला बोलावतात आणि शेवटी स्वतः देव लोकांना इशारा देतो. म्हणजे त्यात अगदी उपदेशाची दिशासुद्धा सामावलेली आहे.

पौलाला हे ठाऊक होते. कलस्सै येथील मंडळीला लिहिताना त्याने स्तोत्रे आणि गीते यांच्या द्वारे एकमेकांना शिकवा आणि बोध करा, असे म्हटले आहे. आपण जे गातो ते आपल्याला लक्षात राहते. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसाचाही विश्वास गीतांतून घडतो. संकटातही तेच आठवते. पौल आणि सीला यांना फिलिप्पै येथे फटके मारून तुरुंगात टाकले होते, तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास ते प्रार्थना करीत होते आणि गाणी गात होते, आणि बाकीचे कैदी ते ऐकत होते, असा उल्लेख ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सोळाव्या अध्यायात आहे. एकच गाणे देवासाठी प्रार्थना होते आणि त्या कैद्यांसाठी साक्ष.

गायनाच्या याच सामर्थ्यामुळे त्याच्याविषयी भीतीही वाटत आली आहे. ‘जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो’ हे वाक्य संत ऑगस्टीन यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्यांच्या लेखनात ते या स्वरूपात सापडत नाही. त्यांनी आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात जे लिहिले आहे ते अधिक सावध आणि अधिक मोलाचे आहे. चर्चमधील गीतांनी आपल्या डोळ्यांत पाणी आणले होते, हे ते कृतज्ञतेने आठवतात. पण गाण्याच्या अर्थापेक्षा गाण्याच्या आवाजाने आपण अधिक हेलावलो असू, तेव्हा आपल्याकडून पाप घडले असे मानून ते गाणे ऐकले नसते तर बरे, असेही म्हणतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात या प्रश्नावर सुधारकांचे मार्ग वेगळे झाले. मार्टिन ल्यूथर यांनी स्वतः गीते रचली आणि १५२४ पासून जर्मन भाषेतील गीतसंग्रह छापले जाऊ लागले. झ्युरिकमध्ये झ्विंग्ली यांनी, स्वतः उत्तम संगीतकार असूनही, १५२५ च्या सुधारित उपासनेतून संगीत पूर्णपणे काढून टाकले. तिथल्या मंडळीत गायन परतायला १५९८ साल उजाडले. जिनिव्हात कॅल्विन यांनी मधला मार्ग धरला : गायचे, पण वाद्यांशिवाय, एका सुरात आणि मुख्यतः स्तोत्रसंहितेतलेच. दीडशेही स्तोत्रे छंदोबद्ध केलेला तिथला संग्रह १५६२ मध्ये पूर्ण झाला. आज झ्विंग्लींचा निर्णय टोकाचा वाटतो, पण त्यांची शंका गैर नव्हती. वाद्यवृंद आणि ध्वनिक्षेपक इतके मोठे होतात की बाकांवरील लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि ते गाणे सोडून गायकांकडे पाहू लागतात, तेव्हा मंडळीचे बोलणे बंद झालेले असते. गायकवृंदाचे काम मंडळीला गाते करण्याचे आहे, तिच्या ऐवजी गाण्याचे नव्हे. कॅथलिक उपासनाशास्त्रातही ‘मिस्सेत गाणी म्हणणे’ आणि ‘मिस्सा गाणे’ यांत भेद करतात. ‘प्रभो, दया कर’ किंवा ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ ही मिस्सेची अंगे आहेत. ती गायली जातात तेव्हा स्वतः प्रार्थनाच गायली जात असते.

मराठी मंडळीच्या गायनाचा इतिहास या चर्चेत वेगळी भर घालतो. अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि सुरुवातीची प्रोटेस्टंट गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, तीही पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. अशा गीतात मराठी शब्दाचा जो स्वर बोलताना ऱ्हस्व असतो तो चालीमुळे लांबतो, आघात भलत्याच अक्षरावर पडतो आणि अर्थ समजायला कान थोडा मागे राहतो. अभंग, ओवी, पद आणि भजन या घराघरांत रुजलेल्या रचना ख्रिस्ती उपासनेत आल्या तेव्हा ही अडचण दूर झाली. या कामात सर्वांत मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा आहे. १८९५ मध्ये मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते निवर्तले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी रचलेली शेकडो गीते आजही मराठी मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाचा कणा आहेत. मुंबईच्या मराठी चर्चमध्ये आजही एक गीत ऑर्गनवर पाश्चात्त्य चालीत आणि पुढचे गीत पेटी-तबल्यावर भजनाच्या चालीत म्हटले जाते. मला यात विसंगती वाटत नाही; एक वारसा मिशनऱ्यांनी दिला आणि दुसरा या मातीने, आणि मंडळीने दोन्ही आपले मानले.

उपदेश : वाचलेल्या वचनाचा आजच्याशी संबंध

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात जातो, उभा राहून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो, पुस्तक गुंडाळून परत देतो आणि खाली बसून म्हणतो की, हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे. ख्रिस्ती उपदेशाची संपूर्ण रचना या प्रसंगात आहे. आधी वाचन, मग त्याचा अर्थ आणि मग तो ‘आज’. यांपैकी वाचन गळाले तर उपदेश म्हणजे वक्त्याचे स्वतःचे मत उरते. ‘आज’ गळाला तर ते इतिहासाचे व्याख्यान होते.

याच कारणाने उपदेशकाने काय बोलावे हे पुष्कळ पंथांत त्याच्या आवडीवर सोडलेले नाही. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे : एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक, तर योहानाचे शुभवर्तमान सणांच्या काळात आणि अधूनमधून वाचले जाते. अनेक प्रोटेस्टंट चर्चेसही अशाच ठरवलेल्या वाचनक्रमाचा उपयोग करतात. उपदेशकाला जो उतारा अवघड वाटतो तोही त्यामुळे टाळता येत नाही. कॅथलिक मिस्सेतील प्रवचन करण्याचा अधिकार दीक्षित धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांनाच आहे. प्रोटेस्टंट मंडळींत पाळकांबरोबर प्रशिक्षित अदीक्षित सभासदही उपदेश करतात. चर्चची मांडणीसुद्धा हा फरक सांगते. कॅथलिक चर्चमध्ये वेदी मध्यभागी असते आणि वचनपीठ बाजूला असते, तर पुष्कळ प्रोटेस्टंट चर्चमध्ये व्यासपीठच मध्यभागी आणि उंचावर असते, कारण तिथे उपासनेचा मोठा वेळ उपदेशाला दिला जातो. वेळेच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, असे सांगितले होते. उलट मुंबईतील अनेक प्रोटेस्टंट मंडळींत अर्ध्या तासाचा उपदेश मुळीच लांब मानत नाहीत.

उपदेश ऐकणाऱ्याचे काम मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही. प्रार्थनेत आपण संमती देतो, गीतात आपण स्वतः बोलतो. उपदेशात आपण पारखायचे असते. बिरुया येथील लोकांची ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात प्रशंसा केली आहे ती यासाठी की पौलासारख्याचे बोलणे ऐकूनही, तो म्हणतो ते खरे आहे की नाही, हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत. उपदेशकाचा मान राखणे आणि त्याचे प्रत्येक वाक्य देववाणी मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोही त्याच वचनाखाली उभा असतो, ज्याखाली ऐकणारे बसलेले असतात.

सरमिसळ कुठे चालते

दिशा वेगळ्या असल्या तरी त्यांच्यामध्ये भिंत नाही, आणि महाराष्ट्रात तर गायन व उपदेश यांचा संगम घडवण्याची मोठी परंपरा आहे. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा हजारो ओव्यांत सांगितली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा स्वीकार केला, आणि टिळकही कीर्तन करीत असत. ख्रिस्ती कीर्तनात निरूपण चालू असताना पद येते, पदाची ओळ श्रोते उचलतात आणि निरूपण पुन्हा पुढे सरकते. हा उपदेशच असतो, पण ऐकणाऱ्याला तो थोडा थोडा स्वतःच्या तोंडाने म्हणावा लागतो. १८८२ मध्ये मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेने तर वाजतगाजत रस्त्यावर जाऊनच संदेश दिला आणि त्यापायी तिच्या लोकांना अटकही झाली. प्रार्थनेच्या आडून केलेल्या टोमण्यात आणि या संगमात फरक असा की इथे कोण कोणाशी बोलत आहे, हे कोणापासून लपवलेले नसते.

तिन्ही प्रकार त्यांच्या स्वतंत्र रूपात शेजारी शेजारी पाहायचे असतील, तर मुंबईच्या मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चालणारी उपासना पाहावी. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर ती आधारलेली असते. प्रत्येक उद्गाराचे वाचन होते, त्यावर संदेश दिला जातो, गीत होते आणि प्रार्थना होते. पुष्कळ ठिकाणी सात उद्गारांवर सात वेगवेगळ्या व्यक्ती बोलतात. एप्रिलच्या उकाड्यात तीन तास बसलेली मंडळी आधी ऐकते, मग गाते, मग मागते, आणि हे सात वेळा घडते. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा पहिला उद्गार आणि ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हा शेवटचा उद्गार या स्वतः प्रार्थना आहेत. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही तर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे उपदेशाचा आधार असलेले वचनच इथे गीत आणि प्रार्थना यांतून आलेले आहे.

काही गोष्टी या तिन्हींत बसत नाहीत, त्या थोडक्यात सांगतो. पवित्र शास्त्राचे वाचन हा उपदेश नव्हे. त्यात वाचकाने स्वतःचे काही घालायचे नसते. प्रेषितांचा विश्वासांगीकार सर्वजण उभे राहून म्हणतात. ती प्रार्थना नाही, देवासमोर आणि एकमेकांसमोर केलेली जाहीर कबुली आहे. शेवटचा आशीर्वाद लोकांना उद्देशून असतो, पण तो बोध नसतो. देवाची कृपा त्यांच्यावर उच्चारली जाते आणि लोक ती मस्तक लववून स्वीकारतात.

ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्याला या सगळ्यात कसे वागावे, असा संकोच वाटतो. गीत सुरू होताना मंडळी उभी राहिली की आपणही उभे राहावे. गाणे ऐच्छिक आहे आणि पुस्तक मागितले तर शेजारी आनंदाने देतो. प्रार्थनेच्या वेळी शांत राहणे पुरेसे आहे. जे पटते त्यालाच आमेन म्हणावे, न म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. उपदेश ऐकताना मोकळेपणाने विचार करावा आणि शंका असेल तर उपासना संपल्यावर फादरांना किंवा पाळकसाहेबांना विचारावी, त्यांना ते आवडते. कॅथलिक मिस्सेत कम्युनियन घ्यायला लोक रांगेने पुढे जातात तेव्हा मात्र पाहुण्याने जागेवर बसून राहावे, कारण तो प्रसाद नसून त्या मंडळीच्या सभासदांसाठीचा संस्कार आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजनाचे नियम मंडळीगणिक बदलतात आणि ते कोणी घ्यावे हे पाळकसाहेब त्याआधी सांगतात.